मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही कार्डं असतील तर वरचे 20 टक्के
मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. "मेडिकेअर डॉक्टरच्या बिलाचे 80 टक्के देतं, वरचे 20 आपल्याच बोकांडी" हे एरवी बरोबर, पण उत्पन्न कमी असून मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) असेल तर तसं नाही. आधी मेडिकेअर देतं, उरलेलं मेडिकेडकडे जातं, आणि क्यूएमबी (कमी उत्पन्नवाल्यांचा मेडिकेअरमधला खर्च उचलणारी योजना) मंजूर असलं तर पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर-खर्चाच्या भागाचा, हप्ताही राज्यच भरतं, शिवाय मेडिकेअर घेणाऱ्या डॉक्टरला ते 20 टक्के पेशंटकडे मागायला कायद्यानेच बंदी आहे, हे बऱ्याच क्लिनिकवाल्यांनाही माहीत नसतं बरं का.

सासूबाईंना असंच 46 डॉलरचं बिल आलं, मी भरायलाच बसले होते, सहज फोन केला तर कळलं काउंटरवर फक्त लाल-निळं मेडिकेअरचं कार्ड दाखवलेलं, मेडिकेडचं पर्समध्येच. बिल रद्द झालं. आता दोन्ही कार्डं रबरबँड लावून एकत्र ठेवतात.