वय ४६, खोल पाण्यात हातपाय गळतात. सल्ला हवा

रेवा४६:
तीन महिने झाले, सकाळच्या बायकांच्या बॅचला पोहायला जाते. उथळ बाजूला फ्रीस्टाइलने तलावाची रुंदी जमते. पण पायाखालची फरशी उतरू लागली की दम लागतो, मान वर येते आणि हात कठड्याकडे जातो. मागच्या आठवड्यात सरांनी न सांगता खोल बाजूला ढकललं, नाकातोंडात पाणी गेलं. तेव्हापासून रोज पिशवी भरते आणि घरीच राहते. बरोबरच्या मुली केव्हाच पुढे गेल्या. मला सोडायचं मात्र नाहीये. प्रशिक्षक बदलू का?

विहीरकाठ:
ताई, न विचारता ढकलणं चूकच. 'आम्हाला विहिरीत ढकललं आणि आम्ही शिकलो' असं सगळे सांगतात. पण तरंगायला पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर सुके भोपळे बांधलेले असायचे आणि पाण्यात मामा थांबलेला असायचा, हे कोणी सांगत नाही. माझे दोन भोपळ्यांचा एक व्हायलाच आठ दिवस गेले होते. सरांना स्पष्ट सांगा, सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. ऐकलं नाही तर बॅच बदला.

निळी_रेघ:
मी ३९व्या वर्षी शिकले, अगदी हीच अडचण होती. खोली वाढली म्हणून दम लागत नाही. भीतीने आपण पाण्यात श्वास धरून ठेवतो. मग तोंड बाजूला वळवल्यावर सोडायचा आणि घ्यायचा, दोन्ही तेवढ्याच क्षणात करावं लागतं आणि जीव घाबरा होतो. त्यात मान उचलली की कंबर आणि पाय खाली जातात.

दोन आठवडे अंतर मोजूच नका. आधी कठडा धरून, तोंड पाण्यात घालून नाकाने सावकाश बुडबुडे सोडा. मग उताणं तरंगायचं: कान पाण्यात, हनुवटी किंचित वर, छाती भरून श्वास. आधी उथळात, मग खोल बाजूला, एक हात कठड्यावर आणि जवळ कोणीतरी हवंच. छातीत हवा असली की बहुतेकांचं अंग तरंगतं. मला सातव्या दिवशी कठडा सोडता आला. त्या दिवशी मी एक मीटरही पोहले नाही, पण खोल पाण्यात नुसतं थांबता येतं हे अंगाला कळलं. माझी भीती तिथून कमी झाली.

कृष्णाकाठ:
मुरलीकांत पेटकर आमच्या सांगली जिल्ह्यातले. सैन्यात मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यानंतर उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकले. पदकाचं सगळे बोलतात. मला धीर येतो तो त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं याचा. मुलींकडे बघू नका, कालच्यापेक्षा किती श्वास जास्त तरंगलात ते वहीत लिहा.

रेवा४६:
सरांशी बोलले. त्यांनी मान्य केलं. उद्या फक्त बुडबुडे आणि उताणं तरंगणं. नाकाला क्लिप लावू का?

निळी_रेघ:
सध्या नको, नाकानेच श्वास सोडायची सवय लावायची आहे. गॉगल मात्र नीट बसणारा घ्या, तळ स्पष्ट दिसला की बरं वाटतं. उद्या इथे कळवा नक्की.