ग्राइंडर आत्ता बाजूला ठेवा

काकांची कित्येक वर्षं पडून असलेली यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल घरी आणलीत, आणि हात पहिल्यांदाच लावताय तो थेट फ्रेम कापून कॅफे रेसर (खाली झुकलेलं हँडल, छोटी सीट अशी जुन्या रेसिंग धाटणीची गाडी) करायला. कळकळीनं सांगतो, थांबा. फ्रेम कापणं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलचं कलम, आडवं येणार. त्याआधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, बघा. १५ वर्षांनंतर तिचं नूतनीकरण लागतं, आणि फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर आरसीशी जुळला नाही तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. गंज हलक्या हातानं पुसून नंबर पेन्सिलनं कागदावर उमटवून घ्या.

खरा जीव इंजिनात आहे. टू-स्ट्रोक गाडी उभी राहिली की क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे रबरी कडी, वाळून कडक होतात. तिथून जादा हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन तापतं. मग आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात होटगी रोडला जरा पिळलीत की पिस्टन धरलाच, म्हणजे जाम झालाच म्हणून समजा. सील स्वस्त असतात, पण ते बदलायला अख्खं इंजिन खोलावं लागतं. तिथं जाणता मिस्त्रीच हवा, शेजारी बसून बघा. कार्बोरेटर मात्र स्वतः उघडा. पायलट जेट (कमी वेगात पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी) ट्यूबलाइटसमोर धरला की सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला पाहिजे. तार घालू नका, छिद्र मोठं होतं.

हौस हँडल, सीट आणि रंगावर भागवा. काढलेले मूळ पार्ट जपून ठेवा. १९९६ ला हे मॉडेल बंद झालं, अस्सल माल आता सहजी मिळत नाही.