लिंबू उकळायचं की वरून पिळायचं?

चमचाभर (धागाकर्ती)

त्या पोस्टला तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते मूळ पोस्टच्या दुप्पट झालं, म्हणून वेगळा धागा. पोस्ट थोडक्यात अशी: आल्याचे तुकडे, अर्धं लिंबू सालीसकट आणि दोन चमचे मध एकत्र पाण्यात टाका, पंधरा मिनिटं खळखळ उकळा, "जितकं उकळेल तितका अर्क उतरेल", सगळं व्हिटॅमिन सी पोटात जाईल आणि सर्दी दुसऱ्या दिवशी गायब. खाली बदामांचा पाऊस आणि "आजच करून बघते गं".

मी करून बघितलंय. घसा खवखवत होता, डोकं चालत नव्हतं, सगळं एकदम पातेल्यात ढकललं. पंधरा मिनिटांनी जे खाली उतरवलं ते इतकं कडू होतं की नवऱ्याने एक घोट घेऊन विचारलं, "पातेलं नीट विसळलं नव्हतंस का?" लिंबाच्या सालीखालचा पांढरा भाग आणि बिया उकळल्या की कडवटपणा पाण्यात उतरतो. मग त्यावर कितीही मध ओता, कडू ते कडूच, वर गोड.

आलं उकळा, हरकत नाही. अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचायचं, दीड कप पाणी, वर झाकण, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. गॅस बंद करून गाळायचं. दोन मिनिटं थांबून अर्धं लिंबू पिळायचं, बिया काढून. कप हातात धरवेल इतका निवला की मध. लिंबू शेवटी घालायचं कारण त्याचा वास पहिल्या वाफेबरोबर उडून जातो आणि व्हिटॅमिन सी उष्णतेने नि हवेने कमी होतं. इतकं साधं आहे. "अर्क उतरेल" म्हणे!

आडमुठा

आमच्या घरी आजी सालीसकटच उकळायची. चार पिढ्या प्यायल्या, कोणी तक्रार केली नाही. हल्ली पाणी उकळायलाही शास्त्र लागतं.

चमचाभर

चार पिढ्यांनी आजीकडे तक्रार केली नाही यावरून पेय चांगलं होतं हे सिद्ध होत नाही, आजी कडक होती एवढंच सिद्ध होतं.

आडमुठा

आजीवर जाऊ नका.

निवांत

दोघंही व्हिटॅमिन सीवरून का भांडताय? शंभर ग्रॅम लिंबूरसात ते साधारण ४० मिलिग्रॅम असतं. अर्ध्या लिंबातून निघणार तीनेक छोटे चमचे रस, म्हणजे हाती येणार पाच-सात मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ७५ ते ९० लागतं. ते उकळलं काय नि वाचवलं काय! आणि लागण झाल्यावर सुरू केलेल्या व्हिटॅमिन सीने सर्दी दुसऱ्या दिवशी जात नाही, हे बऱ्याच वेळा तपासून झालंय.

खरी गंमत वेगळी आहे. कार्डिफमध्ये २००८ साली ३० सर्दीवाल्यांवर प्रयोग झाला. फळांचं तेच पेय काहींना गरम दिलं, काहींना खोलीच्या तापमानाला. नाकातून हवा किती जाते हे यंत्राने मोजलं तर फरक काही नाही. पण बरं कशाने वाटलं? गार पेयाने नाक वाहणं, खोकला, शिंका यांना आराम पडला. गरम पेयाने ते तर झालंच, शिवाय घसा, हुडहुडी आणि थकवा यांनाही. म्हणजे काम गरमपणा करतोय. तुमचं लिंबू आधी की नंतर हा चवीचा प्रश्न आहे.

तिरकस

म्हणजे गरम पाणी प्या, धागा बंद करा. आलं भाजीत घाला.

चमचाभर

निवांत, चवीचाच प्रश्न आहे असं धरलं तरी मी बरोबर निघते, कारण माझं कडू होत नाही. आणि नाक चोंदलेलं असताना पहिला घोट घेण्याआधी कपावर तोंड धरून जो वास घेतो, तो लिंबू उकळून टाकल्यावर राहत नाही. हे यंत्राने मोजू नका, स्वतः घेऊन बघा.

खलबत्ता

आल्याबद्दल कोणी बोलतच नाही, म्हणून मी बोलतो. किसू नका! किसलं की चोथ्याचा लगदा होतो, गाळणी तुंबते, पेय गढूळ होतं आणि तळाशी वाळूसारखा साका बसतो. शेवटचा घोट म्हणजे शिक्षा. ठेचा. साल चमच्याच्या कडेने खरवडा, सुरीने काढलीत तर सालीबरोबर अर्धं आलं जातं.

आणि आल्याचंही "जितकं उकळाल तितकं चांगलं" नसतं. ताज्या आल्याचा झणका जिंजेरॉल नावाच्या घटकाचा. ते शिजवलं की त्यातलं काही झिंजेरोनमध्ये बदलतं, ते सौम्य नि गोडसर. वाळवलं की शोगाओल होतं, ते जास्त तिखट, म्हणून सुंठ घशाला आल्यापेक्षा जोरात लागते. तेव्हा धागाकर्तीची सात-आठ मिनिटंही मला जास्तच वाटतात. मी आधण आल्यावर गॅस बंद करून ठेचलेलं आलं टाकतो नि दहा मिनिटं झाकून ठेवतो.

चमचाभर

ठेचण्याबद्दल मान्य. झाकून ठेवण्याबद्दल उद्या बघते. (मान्य केलेलं नाही, बघते म्हटलंय.)

पोळी_करपली

खलबत्ता, हे दुधात करू नका बरं. मी एकदा लाडात येऊन कोमट दुधात ताजं आलं ठेचून टाकलं नि झाकून ठेवलं. दही झालं! आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. आधी पाण्यात उकळून घेतलं की ते मरतं. आणि दुधात लिंबू घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

मधुमालती

सगळे आल्यात अडकलेत, पण मूळ पोस्टमधली सर्वांत भयंकर गोष्ट कोणीच बोलत नाहीये. मध उकळायचा?? गरम केलेला मध विष असतो. चरकसंहितेत स्पष्ट आहे. आणि धागाकर्ती, "कप हातात धरवेल इतका निवला की" हेही चूकच. कोमटच हवं.

निवांत

चरकसंहितेत गरम मध वर्ज्य आहे, खरं. पण कारणही तिथेच दिलंय: मधात विषाचा अंश असतो आणि तो उष्णतेच्या विरोधात जातो. ते कारण तुम्हाला पटतं का, ते आधी सांगा.

मधुमालती

एचएमएफ तयार होतं, साखर तापली की होणारं रसायन. गूगल करा.

निवांत

केलं. गरम केल्यावर मधात एचएमएफ वाढतं, बरोबर. आंतरराष्ट्रीय मानकात मधाला किलोमागे साधारण ४० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. पण ती मध जुना किंवा जास्त तापवलेला आहे का हे ओळखायला आहे, विष मोजायला नाही. भाजलेल्या कॉफीत ते याच्या कितीतरी पट असतं. सकाळी कॉफी पिता ना?

मधुमालती

माझ्या कॉफीचा इथे संबंध नाही.

तिरकस

अरेरे, लागली.

आडमुठा

मधुमालतींना पाठिंबा. मध नंतरच घालावा. (लिंबाबद्दलचं माझं मत कायम आहे.)

चमचाभर

वा. म्हणजे आजीच्या पातेल्यात लिंबू उकळायचं पण मध नाही? आजी मध कधी घालायची?

आडमुठा

आजी गूळ घालायची.

पाऊलखुणा

मला मधाबद्दल गंभीरपणे एक सांगायचंय. थट्टा नको.

मुलगी सात महिन्यांची होती, नाक वाहत होतं. मी अंघोळीला गेले तेवढ्यात घरातल्या मोठ्यांनी तिला हेच पेय "कोमट करून, मध घालून" दोन चमचे पाजलं. प्रेमानेच. डॉक्टरांना सांगितलं तर ते असे काही चिडले की मी दवाखान्यातच रडायला लागले. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. गरम पाण्यात कालवल्याने ते मरत नाहीत, उकळूनही नाही. तिला काही झालं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस ती नीट ओढून पिते का, मान धरते का, एवढंच मी बघत बसायचे.

तेव्हा विष शोधायचंच असेल तर ते इथे शोधा. कॉफीत नको.

मधुमालती

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी मोठ्यांबद्दल बोलत होते, त्यामुळे हे माझ्यावर ढकलू नका.

पाऊलखुणा

तुमच्यावर कुठे ढकललं? त्या पोस्टमध्ये "लहान-मोठ्या सगळ्यांसाठी" लिहिलंय. परत वाचा.

मधुमालती

वाचलं. तुमचं बरोबर आहे. आवाज चढवल्याशिवायही सांगता आलं असतं.

निवांत

एक वर्षावरच्यांना मात्र मध खरंच उपयोगी पडतो, हेही सांगून टाकतो, नाहीतर इथून लोक बरण्या फेकायला निघतील. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर अभ्यास झाला, वय २ ते १८. रात्री झोपण्याआधी वयानुसार अर्धा ते दोन चमचे मध दिलेल्यांना काहीच न दिलेल्यांपेक्षा खोकल्यात जास्त आराम पडल्याचं पालकांनी सांगितलं. लहान अभ्यास आहे, पण काहीच न देण्यापेक्षा मध बरा इतकं म्हणता येतं.

तिरकस

म्हणजे गरमपणा काम करतो, मध काम करतो, आणि ज्या आल्या-लिंबावरून सकाळपासून भांडताय ते नुसतं वासाला. धागाकर्ती, अभिनंदन.

चमचाभर

वासालाच सही. फार गरम पिऊ नका, एवढं मात्र माझ्याकडून. ६५ अंशांच्या वर गरमागरम पेय सतत पिण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ सालीच सावध केलंय. म्हणून तो "कप हातात धरवेल इतका" नियम. मधुमालती, बघा, आपण कोमटाच्या जवळ आलो.

मधुमालती

आलो नाही. तुम्ही आलात.

पोळी_करपली

कोणी दातांबद्दल बोलेल का? मी दिवसभर घोट घोट प्यायचे. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, आम्लात दात भिजवत बसलीयेस. एकदाच प्या, साध्या पाण्याने चूळ भरा, लगेच ब्रश घासू नका. थर्मासमध्ये लिंबाच्या चकत्या टाकून ऑफिसला नेण्याचा प्रयोगही मी करून चुकलेय. दुपारपर्यंत धागाकर्तीच्या त्या पातेल्याची चव.

आडमुठा

बरं. आत्ता दोन कप केले. एक आजीच्या पद्धतीने, एक धागाकर्तीच्या. मुलाला न सांगता दिले. त्याने दुसरा संपवला, पहिला बेसिनमध्ये ओतला.

याचा अर्थ इतकाच की मुलाला कडू आवडत नाही.

चमचाभर

तुम्ही कोणता प्यायलात?

आडमुठा

पहिला. उरला होता थोडा.