गाडीच्या सायलेन्सरचं काळवंडलेलं टोक पुन्हा चमकवायचं आहे, सल्ला हवा

सागरतीर

नमस्कार मंडळी. आमची पेट्रोलवरची सेदान आहे, जुनी पण एकदम तंदुरुस्त. मध्यंतरी तिला सीएनजी किट बसवलं. पुण्याहून रत्नागिरीला बदली झाल्यापासून गाडी समुद्राच्या अगदी जवळ, उघड्यावर उभी असते. बाकी रंग वगैरे टिकून आहे, पण मागून पाहिलं की सायलेन्सरचं टोक डोळ्यांत खुपतं. वरच्या बाजूला पिवळट-तपकिरी झाक आलीय, आत काजळी बसलीय आणि कडेला गंजाचे बारीक ठिपके दिसतात. नवी गाडी घेतली तेव्हा याच टोकात चेहरा दिसायचा.

दसऱ्याला गाडीची पूजा होते आमच्याकडे, त्याआधी ते नीट करायचं मनात आहे. शेजारचे काका म्हणतात हार्पिक ओतून घास, दहा मिनिटांत लख्ख होईल. सासूबाई पितांबरी सुचवतात. गॅरेजवाला म्हणतो, काढून नवीन टाका. मला स्वतःच्या हाताने करायचं आहे. नेमकं काय वापरू आणि कशाला हात लावू नको, ते सांगाल का?

लोहभस्म

सर्वात आधी हार्पिक बाजूला ठेवा, कळकळीने सांगतो. संडासच्या निळ्या हार्पिकमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज त्याने निघतो हे खरं, म्हणून लोकांना ते जादूचं वाटतं. पण स्टेनलेस स्टील ज्या जोरावर टिकतं तो त्याच्या अंगावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि या आम्लातलं क्लोराइड त्या थराला जागोजागी भोकं पाडतं. त्या दिवशी टोक चकाकतं, पुढच्या पावसाळ्यात त्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे दिसतात. क्रोमचा मुलामा असेल तर त्याहून वाईट, कारण आम्ल क्रोमच खाऊन टाकतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत तुमच्याकडे क्लोराइडची आधीच कमी नाही.

पितांबरी तांब्या-पितळेसाठी उत्तम, इथे तिचं काम नाही. खरखरीत पूड क्रोमवर ओरखडे काढते.

आता मला दोन गोष्टी सांगा. बाहेर दिसणारा चकाकता भाग पाइपाचाच आहे की वरून बसवलेला मफलर कटर, म्हणजे शोभेची नळी आहे? खालून वाकून पाहिलं तर स्क्रू किंवा क्लॅम्प दिसेल. आणि त्या भागाला फ्रिजवरचं लोहचुंबक चिकटतं का?

तिसरा_गिअर

लोहचुंबकाचा सल्ला बरोबर आहे, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. ३०४ जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, फक्त जिथे थंडपणे वाकवलं असेल तिथे किंचित ओढ जाणवते. पण एक्झॉस्टमध्ये सर्रास वापरलं जाणारं ४०९ जातीचं स्टेनलेस चुंबकाला घट्ट चिकटतं. क्रोम चढवलेलं साधं लोखंडही चिकटतं. म्हणजे चिकटलं नाही तर चांगलं स्टेनलेस, चिकटलं तर अजून पाहावं लागेल.

मग डोळ्यांनी पाहायचं. क्रोमची चमक निळसर आणि आरशासारखी असते, आणि ते बिघडतं तेव्हा फोड येऊन पापुद्रे सुटतात. आतल्या बाजूला बहुतेक वेळा मुलामा नीट चढलेला नसतो. स्टेनलेस आतबाहेर एकसारखं, जरा उबदार राखाडी दिसतं आणि त्याचे पापुद्रे कधीच निघत नाहीत.

सागरतीर

खाली सतरंजी टाकून पाहिलं. बाहेरचा चकाकता भाग वेगळाच आहे, दोन स्क्रूंनी बसवलाय. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. आतल्या पाइपाला मात्र टचकन चिकटलं आणि तो पाइप चांगलाच तांबूस झालाय. पापुद्रे कुठे नाहीत. स्क्रू गंजून जाम आहेत.

उद्यमनगरकर

ताई, मग तुमचं काम सोपं आहे. कोल्हापुरात आमचं बफिंगचं काम वर्षानुवर्षं चालतं, रोज असलेच तुकडे हातात येतात. तुमचा मफलर कटर स्टेनलेसचा आहे, म्हणजे घासून घासून मुलामा उडेल ही भीतीच नाही. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो, त्याच्याशी जपून वागावं लागतं. तुमच्या तुकड्यात वरपासून खालपर्यंत एकच धातू आहे.

गाडी आदल्या रात्रीपासून थंड असू द्या, सकाळी काम करा. हातमोजे आणि मास्क लावा. काजळी अंगाला बरी नाही, म्हणून ती कोरडी खरवडून उडवू नका, ओली करूनच पुसा. स्क्रूंवर डब्ल्यूडी फॉर्टी, म्हणजे गंजलेले स्क्रू सैल करणारं फवाऱ्याचं तेल, मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी स्क्रूड्रायव्हर नीट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचे हलके ठोके द्या आणि मग फिरवा. जोर लावून डोकं घासवलंत तर पुढे ड्रिल मारावं लागतं. निघाला की काम बादलीत होतं, बंपरला ओरखडे पडायची चिंता राहत नाही. नाहीच निघाला तर बंपरच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि जागेवर करा.

आता काजळी. इथे बहुतेकांचं चुकतं. काजळी म्हणजे कार्बन, तो लिंबू-चिंच-व्हिनेगरमध्ये विरघळत नाही. आंबट वस्तू गंजासाठी. काजळीला डिझेल किंवा कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बाटली धुवायच्या ब्रशने घासा आणि भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धुऊन टाका. पुन्हा एकदा करावं लागलं तर करा, पण घाईने कशाने खरवडू नका.

तेलकटपणा गेला की गंज आणि पिवळेपणा. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, लिंबूसत्त्व म्हणून. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घाला आणि तुकडा त्यात बुडवून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने बघा, ठिपके सैल पडलेले दिसतील. जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, परत धुवा, लगेच कोरडा पुसा. जागेवर करत असाल तर त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा आणि ते वाळू देऊ नका.

पिवळी-तपकिरी झाक ही घाण नाही. गरम झाल्यावर स्टेनलेसवरचा ऑक्साइड जाड होतो आणि त्याचा रंग दिसतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. ती साबणाने जात नाही, पॉलिशने जाते. ऑटोसोलसारखं ट्यूबमधलं मेटल पॉलिश घ्या. ब्रासोही चालतं, पण वेळ लागतो. वाटाण्याएवढं पॉलिश, जुन्या सुती बनियनचा तुकडा, आणि एका वेळी तळहाताएवढीच जागा. फडकं काळं होईल. होऊ दे, तो निघालेला ऑक्साइड आहे. काळं होत नसेल तर समजायचं की वर लॅकरचा पारदर्शक थर आहे किंवा तुम्ही नुसतं कुरवाळताय. शेवटी स्वच्छ फडक्याने पुसलं की आरसा.

एवढ्यानेही मंद दिसलं तरच पॉलिश पेपर. पाण्यात भिजवून ६०० नंबरपासून सुरुवात करा, मग ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला. आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण पुसल्या जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. घाई करणाऱ्यांच्या कामात उन्हात त्या खोल रेघा लगेच दिसतात, मग कितीही ऑटोसोल चोळा. आणि भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी अजिबात नको. तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात, तेच गंजतात आणि आपल्याला वाटतं स्टेनलेस गंजलं.

बुलेटवाली

धाग्यात घुसते, माफ करा. माझ्या बुलेटच्या सायलेन्सरला इंजिनाजवळ निळं-जांभळं झालंय आणि त्याला क्रोमचा मुलामा आहे. तेच ऑटोसोल चालेल का? मागच्या टोकाला थोडा गंजही आहे.

उद्यमनगरकर

क्रोमवर हलका हात. ऑटोसोलने निळेपणा थोडा कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही, कारण उष्णतेचा परिणाम खालच्या निकेलपर्यंत गेलेला असू शकतो. पॉलिश पेपर तर विसराच. गंजाच्या ठिपक्यांसाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. काळपट लगदा होईल, तो पुसत राहा. मात्र जिथे पापुद्रा सुटलाय तिथे खालचं लोखंड उघडं पडलंय, तिथे कोणतंही पॉलिश उपयोगाचं नाही. जुना थर उतरवून पुन्हा निकेल-क्रोम करून घ्यावं लागतं. इंजिन जवळ असतं म्हणून तिथला निळेपणा पुन्हा येतो हेही धरून चाला.

तिसरा_गिअर

काजळी पुसायच्या आधी एकदा ती नीट बघा, हे सगळ्यांना सांगणं आहे. टोकावरची काजळी इंजिनाची नाडी सांगते. थंड पाइपात बोट फिरवा. कोरडी, मऊ, काळी पूड असेल तर मिश्रण जरा श्रीमंत जळतंय, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर बघून घ्या. चिकट, तेलकट, चकाकती असेल तर इंजिन ऑइल जळतंय, तिथे पॉलिशपेक्षा मेकॅनिक आधी. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांना ठणठणीत असतानाही थोडी जास्त काजळी धरते, त्यांनी घाबरू नये. डिझेलचं बघाल तर १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांना काजळी गाळणारा डीपीएफ बसू लागला, त्यामुळे नव्या डिझेलचं टोक आतून जवळपास स्वच्छ असतं. तशा गाडीचं टोक अचानक काळं पडू लागलं तर फिल्टर तपासून घ्यावा. टोक घासून चकचकीत केल्यावर महिनाभराने पुन्हा बोट फिरवा, तेव्हा कळतं की काजळी जुनी साठलेली होती की रोज बनतेय.

सागरतीर

बोट फिरवलं. कोरडी आहे, करडी-काळी, फार नाही. पण आत पाणी दिसलं! सकाळी गाडी सुरू केली की टपटप थेंबही पडतात. हे काय आहे?

लोहभस्म

ते इंधन जळून तयार झालेलं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण जास्त, एक किलो गॅसमागे सव्वादोन लिटरच्या आसपास. पाइप तापलेला असला की ती वाफ निघून जाते. थंड पाइपात तिचे थेंब होतात आणि सायलेन्सरमध्ये साठतात. बाजारापुरती गाडी काढायची आणि परत लावायची, असं रोज होत असेल तर पाइप आतून ओलाच राहतो. तुमचा आतला पाइप तांबूस होण्याचं एक कारण हेच असणार. मधूनमधून अर्धा तास सलग, महामार्गाच्या वेगाने चालवा, पाइप आतून सुकतो. बऱ्याच सायलेन्सरांना खाली पाणी निचरायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलंय का बघा. कूलंट कमी होत नसेल आणि गाडी तापल्यावर पांढरा धूर नाहीसा होत असेल तर काळजीचं कारण नाही.

मालवणी_चाक

मी समुद्राजवळच राहतो, म्हणून टिकवण्याबद्दल सांगतो. चमकवणं एका सकाळचं काम आहे, आमच्या हवेत ते टिकवायला मात्र सवय लागते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने तो भाग धुवा आणि कोरडा पुसा. मीठ वाळून बसलं की रात्रीच्या दमट हवेत ते पाणी धरतं आणि गंजाला सुरुवात होते. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेली असेल तर त्याच दिवशी खालूनही धुवा.

साध्या कारनौबा मेणावर भरवसा ठेवू नका, ते ८०-८५ अंशांच्या आसपास वितळतं, लांबच्या फेरीत उडून जातं. अलॉय चाकांसाठी मिळणारा उष्णता सोसणारा सीलंट लावा, तो बराच काळ राहतो.

आतला तांबूस पाइप चमकवायच्या भानगडीत पडू नका. गंज ब्रशने झाडा, लिंबूसत्त्वाने पुसा, धुऊन पूर्ण सुकवा आणि गॅरेजमध्ये मिळतो तो काळा हीटप्रूफ पेंट मारा. ६०० अंशांपर्यंतचा स्प्रे मिळतो. दोन पातळ हात, डब्यावर लिहिल्याप्रमाणे तापवून पक्का करा. काळा पाइप मागे असला की पुढचा स्टेनलेस जास्त उठून दिसतो. पेंट मारताना पाइपात कापडाचा बोळा घातलात तर त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे आत विसरला जाणार नाही.

सागरतीर

मंडळी, झालं! स्क्रू रात्रभर तेलात ठेवल्यावर एक सहज निघाला, दुसऱ्याला उद्यमनगरकर दादांची हातोडीची युक्ती लागली. डिझेलने काजळी गेली, लिंबूसत्त्वाने ठिपके गेले आणि ऑटोसोलने पिवळेपणा असा गेला की सासूबाई बघतच राहिल्या. पेपरला हात लावावा लागला नाही. आतला पाइप काळा करून घेतला. स्क्रूही स्टेनलेसचे नवीन घेतलेत.

खालच्या बाजूला मात्र टाचणीच्या टोकाएवढे काही खड्डे उरलेत. ते घासून काढू का?

उद्यमनगरकर

छान केलंत ताई. खड्डे असू द्या. ते घालवायला आजूबाजूचा सगळा धातू त्यांच्या खोलीपर्यंत उतरवावा लागेल, हाताने ते काम होत नाही आणि पातळ पत्र्यावर करूही नये. फक्त त्या खड्ड्यांत लिंबूसत्त्वाचा अंश राहू नये म्हणून एकदा पुन्हा सोड्याच्या पाण्याने धुवा, हेअर ड्रायरने सुकवा आणि मग सीलंट लावा. नव्या स्क्रूंच्या आट्यांना तांब्याचं अँटीसीझ ग्रीस लावून बसवा, म्हणजे पुढच्या वेळी हातोडी लागणार नाही.

सागरतीर

ग्रीस आजच आणते. सीलंट लावल्यावर गाडी किती वेळ सुरू करायची नाही?

मालवणी_चाक

डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. नसेलच लिहिला तर रात्रभर तशीच ठेवा, छपराखाली, पावसाचा थेंब लागू न देता.