मदत हवी आहे: लेकीचं हार्टचं ऑपरेशन आणि सासूबाईंचा अंगारा

मंडळी, माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं, तेव्हा कळलं. नागपूरला ऑपरेशन ठरलं, खर्चाची सोय सरकारी योजनेतून झाली.

अडचण घरची आहे. आम्ही अकोल्याकडचे, गजानन महाराजांवर सगळ्यांची श्रद्धा, माझीही. सासूबाई म्हणतात, ऑपरेशनच्या सकाळी जिभेवर अंगारा आणि चमचाभर तीर्थ द्यायचंच. डॉक्टरांनी तर बजावलंय, भूल देण्याआधी पोट रिकामंच पाहिजे, नाहीतर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. कपाळाला लावू म्हटलं, तर रुसून बसल्या. दंडावरचा काळा दोरा काढावा लागेल म्हटल्यावर जेवल्याच नाहीत!

ज्यांच्या लेकरांचं असं ऑपरेशन झालं, त्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना कसं समजावलं? दोरा उशाखाली तरी ठेवू देतात का? सासूबाईंना आधी लेकीला शेगावचं दर्शनही करवायचं आहे. गर्दीत लेकीला सर्दी-खोकला झाला तर तारीख पुढे जाईल, ही मला भीती. सासरे म्हणतात, "माउली इथूनबी पायते." पण ते सासूबाईंसमोर बोलत नाहीत. डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलायला सांगू का?