पश्तो भाषेत बायकांनी लिहिलेल्या कथा-कविता वाचायच्यात, कुठून सुरुवात करू?

नमस्कार मंडळी. पश्तो म्हटलं की आपल्याला बातम्यांतलं युद्ध आणि बुरखाच आठवतो, पण त्या भाषेत बायकांनी काय लिहिलंय हे मला वाचायचंय. परवा झैतून बानो हे नाव कानावर आलं. अफगाणिस्तानातली लेखिका का ही? आणि पश्तो न येणाऱ्या माणसाला तिचं काही वाचता येईल का?

वाचनवेडी:
अफगाणिस्तानातली नाही हो, पेशावरची, म्हणजे पाकिस्तानातली. पश्तो सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलतात त्यामुळे हा घोळ नेहमी होतो. जन्म 1938 चा, सप्टेंबर 2021 मध्ये गेल्या. पश्तो कथेच्या 'खातून-ए-अव्वल' म्हणतात त्यांना, म्हणजे पहिल्या बाई, आणि तो मान उगाच नाही मिळालेला. बायकांनी आपल्या नावानं कथा छापणं हेच जिथे घरच्यांना खटकायचं तिथे त्या 1958 पासून लिहीत होत्या, पुढे पेशावर रेडिओवर काम केलं, नाटकंही लिहिली. 1996 ला सरकारचा प्राइड ऑफ परफॉर्मन्स पुरस्कार मिळाला.

मला सगळ्यात जास्त आवडतात ती त्यांची शीर्षकं. पहिली कथा 'हिंदारा', म्हणजे आरसा. गाजलेला कथासंग्रह 'मात बंगडी', फुटलेल्या बांगड्या (बंगडी-बांगडी, कानाला किती जवळचं वाटतं ना!). आणि कवितासंग्रह 'मंजीला'. मंजीला म्हणजे चुंबळ हो, आपली चुंबळच! कापड पिळून गोल वळायचं, डोक्यावर ठेवायचं आणि त्यावर घडा, म्हणजे घडा डुलत नाही आणि टाळूला टोचत नाही. डोक्यावरचं ओझं तेवढंच राहतं, फक्त ते वाहता येतं. कवितांच्या पुस्तकाला हे नाव सुचायला त्या पाण्याच्या वाटेवरच्या बायका मनात घर करून बसलेल्या असाव्या लागतात, मला तर नुसत्या त्या एका शब्दासाठी ही बाई मोठी वाटते.

दोनओळी:
वाचनवेडी, सुंदर लिहिलंत. थोडी भर घालतो. पश्तोत बायकांची कविता छापखान्याच्या कितीतरी आधीपासून आहे, लंडई म्हणतात तिला, पेशावरकडे टप्पा. दोनच ओळी, पहिलीत 9 अक्षरं आणि दुसरीत 13, बस्स. विरह, प्रेम, मनाविरुद्ध लग्न, लढाईत गेलेला माणूस, सगळं त्यात आणि रचणारीचं नाव कुठेच नाही. नाव नाही म्हणूनच एवढं उघड बोलता आलं असं मला वाटतं. झैतून बानोंनी केलं ते याच्या बरोबर उलट, तेच घरातलं दुःख पण खाली स्वतःची सही. मला धाडस दिसतं ते त्या सहीत.

सलमा शाहीन हे नावही टिपून ठेवा, कवयित्री आणि कादंबरीकार, पेशावर विद्यापीठातल्या पश्तो अकादमीच्या संचालक होत्या आणि त्यांनी हे टप्पे गोळा करून छापलेत.

पुस्तकी किडा:
मूळ प्रश्न राहिलाच की. झैतून बानो उर्दूतही लिहायच्या, त्यांचे नवरे ताज सईदसुद्धा लेखक होते. तेव्हा अनुवाद शोधत बसण्यापेक्षा उर्दूतलं त्यांचं स्वतःचं लिखाण गाठा, हिंदी समजत असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, ऐकताना बरंचसं कळतं. लंडईचे इंग्रजी अनुवादही मिळतात पण त्यात 9 आणि 13 चा तो झोका हरवतो, म्हणून एकदा तरी मूळ पश्तोत म्हटलेली ऐका, अर्थ नाही कळला तरी चालेल.

प्रश्न विचारणारी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! माझी उर्दू लिपी अगदीच कच्ची आहे, अलिफ-बे पासून तयारी, पण आता शिकतेच. चुंबळ शब्द वाचून आजीच आठवली एकदम. वाचनवेडी ताई, 'मंजीला'मधली एखादी कविता तुमच्याकडे असेल तर तिचा अर्थ इथे सावकाश लिहाल का, घाई अजिबात नाही.