साडेचौदा बाय सव्वाअकरा फुटांच्या खोलीला टाइल्सच्या पेट्या किती घ्याव्यात?

नमस्कार. गावच्या घरातील बैठकीच्या खोलीत जुनी शहाबादी फरशी काढून दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्या आहेत. खोली आतून १४ फूट ६ इंच लांब आणि ११ फूट ३ इंच रुंद असून दोन्ही कर्ण सारखे भरतात, म्हणजे ती गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे. एका पेटीत चार टाइल्स येतात. दुकानदार ११ पेट्या पुरतील म्हणतो, मिस्त्री १४ मागतो, आणि हा फरक कुठून येतो हे समजल्याशिवाय पैसे भरणे मला योग्य वाटत नाही.

दुकानदाराने १६३ चौरस फुटांवर कटिंगचे ५ टक्के धरून १७१ चौरस फूट काढले आणि पेटीला १६ चौरस फुटांनी भागले. परंतु ही टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची आहे, तर दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. त्यामुळे एक पेटी साडेपंधरा चौरस फूटच भरते आणि एवढ्यानेच बारावी पेटी लागते.

खरी गुंतागुंत तुकड्यांची आहे. दोन मिलिमीटरचा जोड धरून एका कोपऱ्यातून सुरुवात केली, तर लांबीत सात आणि रुंदीत पाच अखंड टाइल्स बसून कडेला अनुक्रमे सुमारे २० आणि ४२ सेंटिमीटरच्या पट्ट्या उरतात. वीसच्या पट्ट्या एका टाइलमधून दोन निघत असल्यामुळे एकूण ४५ टाइल्स लागतील. मात्र दारासमोर अशी अरुंद पट्टी वाईट दिसेल, म्हणून लांबीत मध्यापासून मांडणी करून दोन्ही टोकांना ४० सेंटिमीटरचे तुकडे ठेवावेत, असे मिस्त्रीचे म्हणणे आहे. ते मला पटते. पण मग एका टाइलमधून दुसरा तुकडा निघत नाही आणि जमिनीलाच ४८ टाइल्स जातात.

चार इंची स्कर्टिंगसाठी (भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी) दार वगळून साडेअठ्ठेचाळीस फूट, म्हणजे सुमारे २५ पट्ट्या हव्यात. त्यांपैकी १८ वरच्या कटिंगमधूनच निघतील. उरलेल्या सात मी दोन टाइल्समधून धरल्या होत्या, म्हणजे एकूण ५० टाइल्स, तेरा पेट्या आणि दोन टाइल्स शिल्लक. मिस्त्री मात्र स्कर्टिंगची वरची कड कंपनीचीच, म्हणजे न कापलेली, हवी असा आग्रह धरतो. तसे केल्यास एका टाइलमधून दोनच पट्ट्या मिळतात, तेरा पेट्या पूर्ण संपतात आणि तुटफुटीसाठी काहीच उरत नाही.

टाइल ग्लेझ्ड असल्यामुळे कापलेल्या कडेला आतला फिकट रंग दिसतो. ती कड घासून वर ठेवली आणि जोडाच्या रंगाचे ग्राऊट (जोड भरायचे मिश्रण) लावले, तर काम नीटनेटके दिसते का? दुकानदार विकलेला माल परत घेत नाही, आणि मोरबीहून येणाऱ्या पुढच्या लॉटच्या शेडची हमीही देत नाही. अशा स्थितीत १३ पेट्यांवर थांबावे की १४ घ्याव्यात? ज्यांनी स्वतः हे काम करून घेतले आहे किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी कृपया सांगावे.